माळ्यावरची कॅसेट आणि लिनक्सवरचा जुना संगणक

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. छापण्यासाठी देताना किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



सचिवांनी मला सांगितलं, "तुम्ही ते जुन्या कॉम्प्युटरचं काहीतरी केलंय म्हणे, त्यावर बोला." मी म्हटलं, अहो, मी काही संगणक अभियंता नाही, हिशेबतपासनीस होतो, आता निवृत्त आहे. ते म्हणाले, "मग तर सगळ्यांना समजेल." तेव्हा समजेल असंच बोलतो. नाही समजलं तर मध्येच हात वर करा.

गोष्ट सुरू होते माळ्यापासून. गेल्या वर्षी आपल्याकडे गळतीचं काम निघालं तेव्हा सगळ्यांनाच माळे रिकामे करावे लागले. आमच्या माळ्यावरून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली आला. त्यात सहा कॅसेट्स होत्या. पाच गाण्यांच्या. सहाव्या कॅसेटवर बाबांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'पावकी'.

मला लगेच आठवलं. १९८९ साल. आम्ही तेव्हा साताऱ्याला राहायचो. बाबांनी घरात कॉम्प्युटर आणला होता. कॉम्प्युटर म्हणजे आजच्यासारखा नव्हे. वहीएवढा काळा कीबोर्ड, त्याच्यातच सगळं यंत्र. पडदा म्हणून घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडायचा आणि कार्यक्रम साठवायला साधा कॅसेट प्लेअर. हे यंत्र मूळचं इंग्लंडचं. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनं 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या नावानं ते एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांना घराघरांत परवडेल असा संगणक हवा होता. १६ के मेमरीचं यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ केचं १७५ पौंडांना मिळायचं. पुढं १९८८ च्या सुमारास डेसिबेल्स या कंपनीनं परवाना घेऊन आपल्या देशात ते 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून विकलं. आमच्याकडे होतं ते हेच.

४८ के मेमरी म्हणजे किती? आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे जे 'शुभ प्रभात' येतात ना, त्यातलं एक फूलसुद्धा बहुधा त्यात मावायचं नाही. आणि तेवढ्यात बाबांनी आमच्यासाठी पाढ्यांचा कार्यक्रम लिहिला होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. मशीन पन्नास प्रश्न विचारायचं आणि शेवटी गुण द्यायचं. त्यात मी पहिला यायचो, हे मी माझ्या मुलांना, पुतण्यांना आणि ऐकतील त्या सगळ्यांना आयुष्यभर सांगत आलो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. यंत्र तर त्याच्याही आधी गेलं. त्याच्या कीबोर्डखाली प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो, तो कालांतरानं तडकतो आणि कळा दाबून काही होत नाही. आमचंही तसंच झालं आणि ते भंगारात गेलं. उरली ती कॅसेट. तिचं करायचं काय?

सी विंगमधली आपली एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायला आली होती. त्या लॅपटॉपवर नवीन विंडोज चालत नव्हतं, म्हणून उबुंटू नावाचं लिनक्स टाकायचं ठरलं होतं. तिनं कॅसेट बघितली आणि म्हणाली, "काका, मशीन नसलं तरी चालेल. इम्युलेटर मिळतो."

इम्युलेटर म्हणजे काय, हे मला समजलं तसं सांगतो. त्या जुन्या यंत्रात झेड ८० नावाचा प्रोसेसर होता. बाबांचा कार्यक्रम फक्त त्याच यंत्राच्या भाषेत बोलतो. आजच्या लॅपटॉपला ती भाषा येत नाही. इम्युलेटर हा मध्ये बसलेला दुभाषी. तो जुन्या यंत्राची एकेक आज्ञा वाचतो, 'इथं झेड ८० नं काय केलं असतं?' हे बघतो आणि तेच करून दाखवतो. जुना प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांनी चालायचा, आजचा काही अब्जांनी. त्यामुळे दुभाष्याला घाई करावी लागत नाही. उलट जुन्या यंत्राइतकंच हळू चालण्यासाठी तो मुद्दाम थांबत थांबत जातो.

स्पेक्ट्रमसाठी लिनक्सवर जो इम्युलेटर आहे त्याचं नाव 'फ्यूज'. 'फ्री युनिक्स स्पेक्ट्रम इम्युलेटर' या शब्दांची ती आद्याक्षरं. इथं मी पहिली चूक केली. एकटाच बसलो होतो, उत्साहात टर्मिनल उघडलं आणि नुसतं 'फ्यूज' इन्स्टॉल कर असं लिहिलं. लिनक्समध्ये फ्यूज नावाची दुसरीच एक वस्तू आहे, तिचा संबंध फाइल सिस्टिमशी. नाव तेच, काम वेगळं. मशीननं भलीमोठी यादी दाखवली की हे बसवायचं तर अमुक अमुक काढून टाकावं लागेल, चालेल का? मी 'हो' म्हणणारच होतो. पण चाळीस वर्षांची सवय, सही करण्याआधी कागद वाचायचा. 'नाही' म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत थांबलो. तिनं येऊन पूर्ण नाव लिहायला सांगितलं, 'फ्यूज-इम्युलेटर-जीटीके'. त्याबरोबर 'फ्यूज-इम्युलेटर-युटिल्स' हा हत्यारांचा संच आणि तिसरं 'स्पेक्ट्रम-रॉम्स'.

हे तिसरं महत्त्वाचं. रॉम म्हणजे यंत्राच्या पोटातला कायमचा १६ केचा मजकूर. यंत्रानं कसं वागायचं ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्याला जसे उपविधी, तसा यंत्राला रॉम. त्याशिवाय इम्युलेटर सुरूच होत नाही. त्या मजकुराचे हक्क कंपनीचे. सिंक्लेअरचा संगणकांचा व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीनं विकत घेतला आणि १९९९ मध्ये त्यांनी सांगितलं की हक्क आमचेच राहतील, पण इम्युलेटरबरोबर हा रॉम द्यायला आमची हरकत नाही. ते पॅकेज उबुंटूच्या 'मल्टिव्हर्स' या वेगळ्या कप्प्यात असतं, तो कप्पा चालू असावा लागतो. आणि फ्यूज इम्युलेटर स्वतः तर मुक्तच. फिलिप केंडल यांनी तो सुरू केला, पुढं कितीतरी लोकांनी त्यात भर घातली. कुणी वापरा, कुणी दुरुस्त करा, दुरुस्त केलेला वाटायचा तर त्याची आतली कृतीही खुली ठेवा. मला हा प्रकार आपल्या ओळखीचा वाटला. सहकार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

सगळं बसलं, चालू केलं. पांढरा पडदा आणि खाली एक ओळ, 'सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड, १९८२'. पस्तीस वर्षांनी बघत होतो. गंमत म्हणजे बोटांना आठवत होतं. त्या यंत्रात शब्द पूर्ण टाइप करायचा नसतो, जे दाबलं की 'लोड' हा आख्खा शब्द उमटतो, पी दाबलं की 'प्रिंट'. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी फ्यूजच्या मदतीच्या मेनूत कीबोर्डचं चित्र आहे.

इथवर दोन संध्याकाळी गेल्या. खरं काम कॅसेटचं. त्याला दोन महिने लागले.

जुनी कॅसेट सापडली की लगेच प्लेअरमध्ये घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. आधी उजेडात धरून बघा. फितीवर पांढरट बुरशी आहे का? फितीमागचा स्पंजाचा छोटा तुकडा जागेवर आहे का? आमचा निखळला होता. दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधला काढून बसवला. बी विंगमधल्या काकांनी त्यांचा जपून ठेवलेला डेक दिला. त्याचा पट्टा नवीन टाकला, हेड स्पिरिटनं पुसलं. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून हेड फितीला सरळ केलं. अर्थात काकांना विचारून. आवाज सगळ्यांत स्वच्छ आणि चरचरीत येईल तिथं थांबायचं.

मग डेकची तार लॅपटॉपला जोडून 'ऑडॅसिटी'मध्ये सगळं रेकॉर्ड केलं. एमपी थ्री करायचं नाही, आवाज 'स्वच्छ' करणारे फिल्टर लावायचे नाहीत. कारण तो आवाज आपल्या कानांसाठी नाहीच. त्या किं-किं आवाजात आकडे आहेत. शून्य असेल तर आखूड लाट, एक असेल तर दुप्पट लांब लाट. सेकंदाला साधारण दीड हजार लाटा. सुरुवातीला एकसुरी शिट्टी, ती यंत्राला जागं करण्यासाठी, मग नावगाव सांगणारी छोटी पट्टी, मग खरा मजकूर.

शिट्टीच्या आधी, तीन सेकंद, बाबांचा आवाज होता. "पावकी. पहिली प्रत." तेव्हा लोक असं बोलून ठेवायचे, म्हणजे कॅसेट पुढं-मागं करताना सापडायला सोपं. मी डेक थांबवला, थोडा वेळ गॅलरीत जाऊन आलो आणि मग पुढचं रेकॉर्डिंग केलं.

हत्यारांच्या संचात 'ऑडिओटूटेप' नावाचं एक साधन आहे. त्याला रेकॉर्डिंग दिलं की लाटा मोजून ते इम्युलेटरला समजणारी फाइल करून देतं. फाइल झाली, फ्यूजमध्ये उघडली. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे धावले, मग निळे-पिवळे. आमच्या टीव्हीवर ते कायम करडेच दिसले होते. त्यांना रंग असतात हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग ओळ आली, 'आर टेप लोडिंग एरर'.

याचा अर्थ काय? प्रत्येक पट्टीच्या शेवटी एक जादा आकडा असतो. आधीच्या सगळ्या आकड्यांवरून तो काढलेला असतो. यंत्र वाचून झालं की स्वतः हिशेब करतं आणि या आकड्याशी जुळवून बघतं. आम्ही हिशेबनीस ज्याला ताळा म्हणतो, तोच. ताळा जमत नव्हता. विसाव्या सेकंदाच्या आसपास फितीवरचा थरच उडाला होता, तिथं लाटा जवळजवळ सपाट होत्या.

पण बाबांनी 'पहिली प्रत' म्हटलं होतं. म्हणजे दुसरी असणार. होती. लगेच पाठोपाठ तोच कार्यक्रम पुन्हा साठवलेला. तोही लोड होईना. त्यात नवव्या सेकंदाला फीत चुरगळलेली.

माझ्या डोक्यात आलं, दोन वह्यांपैकी एकीचं विसावं पान फाटलंय, दुसरीचं नववं, तर दोन्ही मिळून एक वही होईल की! पस्तीस सेकंदांच्या त्या पट्टीत दोन्ही प्रतींमधली एकच जागा शोधायची, पंधराव्या सेकंदाच्या आसपास. ऑडॅसिटीत लाटा मोठ्या करून लांब-आखूड, लांब-आखूड असा क्रम कागदावर लिहून काढला. पहिल्या प्रतीतला क्रम दुसरीत कुठं येतो ते शोधलं. मग पंधरा सेकंदांपर्यंत पहिली प्रत, पुढं दुसरी, असा जोड दिला. एक लाट जास्त किंवा कमी झाली तरी ताळा चुकतो. तीन रविवार गेले. सौ. म्हणाल्या, "कार्यालयात एवढं काम केलं असतंत तर वेळेत बढती मिळाली असती." तिसऱ्या रविवारी दुपारी ताळा जमला.

पडद्यावर प्रश्न आला, आणि तो मला वाचता येईना!

कारण आकडे देवनागरी होते आणि सोबत दंड होते. एक आणि एक दंड, गुणिले सात. आम्ही दोघं भावंडं इंग्रजी माध्यमातली. मी विचारात पडलो आणि मागच्या खुर्चीतून आवाज आला, "पावणेनऊ."

आई होती. तिचं वय ब्याऐंशी, ती आज पुढच्या रांगेत बसली आहे, सगळे ओळखतातच. ती पुढं म्हणाली, "एकावर एक दंड म्हणजे सव्वा. सव्वा सात्ते पावणेनऊ. आठ दाब, मग तीन दाब. तीन दंड."

मी आठ दाबले, तीन दाबले. बरोबर! पुढचा प्रश्न. आई उत्तरं देत गेली.

नंतर मी कार्यक्रम थांबवून के दाबलं, 'लिस्ट', म्हणजे बाबांनी काय लिहिलंय ते बघायला. त्या यंत्रात देवनागरी नव्हतीच. पण आपल्या मनाची २१ अक्षरं काढायची सोय होती. एका अक्षराला आठ गुणिले आठ, चौसष्ट घरं. भरलेलं घर एक, रिकामं घर शून्य. बाबांनी आलेखाच्या कागदावर दहा आकडे आणि तीन तऱ्हेचे दंड काढले असणार आणि त्यांची घरं ओळीनं टाइप केली होती. त्या आठ ओळी एकाखाली एक धरून डोळे बारीक केले की एक-शून्यांच्या रांगोळीतून देवनागरी पाच वर येतो. तेरा अक्षरं, एकशे चार ओळी. एवढा खटाटोप कुणासाठी? यंत्रात इंग्रजी आकडे तयार होते आणि आम्हाला तेच येत होते.

आणखी एक गोष्ट उरली होती. स्पेक्ट्रमवर कार्यक्रम साठवला की त्या क्षणी मेमरीत असलेल्या नोंदीही सोबत साठवल्या जातात. पण नंतर 'रन' म्हटलं की त्या पुसल्या जातात. म्हणून बाबांनी कार्यक्रम असा साठवला होता, की लोड झाल्यावर तो 'रन' न होता दहाव्या ओळीपासून सुरू व्हावा. म्हणजे नोंदी शाबूत. कुठल्या नोंदी? गुणांच्या. मी त्या छापायला सांगितल्या. तीन नावं आली, इंग्रजी अक्षरांत. माझे पन्नासपैकी एकतीस. ताईचे चौतीस. आणि सगळ्यांत वर, आई, एकोणपन्नास.

मी मागं वळून बघितलं. आई म्हणाली, "त्या वर्षी मी घरात ब्लाउजपीस आणि अस्तराचं कापड विकायला लागले होते, आठवतंय का? सव्वा मीटर, पाऊण मीटर, गिऱ्हाईक समोर उभं. शाळेत शिकलेलं सगळं गंजलं होतं. बायका पटकन हिशेब सांगायच्या आणि मी बोटं मोजत बसायचे. तुझ्या बाबांना म्हटलं, माझी पावकी घेत जा. ते म्हणाले, मी विचारलं की तू लाजशील. मशीन विचारेल."

"मग तू कधी खेळायचीस?"

"तुम्ही झोपल्यावर."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? आणि तू पहिला येतोस म्हणून सगळ्यांना सांगत सुटला होतास."

मंडळी, टाळ्या तिच्यासाठी वाजवा, माझ्यासाठी नको.

ताईला फोन करून सांगितलं. तिला तिचे चौतीस ऐकून फार आनंद झाला. माझ्यापेक्षा तीन जास्त.

आता कामाचं बोलतो आणि थांबतो. ही कॅसेट आणखी दोन-तीन पावसाळे माळ्यावर राहिली असती तर दुसरी प्रतही गेली असती. यंत्राची काळजी नव्हती. दहा दिशांच्या लोकांनी आपापला वेळ देऊन ते लिनक्सवर जिवंत ठेवलंय. पण आपल्या घरातली फीत कोण जपणार? ती जगात एकच असते. बाबांनी दोन प्रती केल्या म्हणून एक मिळाली. मी आता तीन केल्या आहेत. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक ताईकडे. मूळ रेकॉर्डिंगही ठेवलंय, बाबांच्या आवाजासकट, कारण इम्युलेटरच्या फाइलमध्ये फक्त आकडे येतात, माणसाचा आवाज येत नाही.

आपल्या सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात भूमिपूजनाची आणि पहिल्या गणेशोत्सवाची व्हिडिओ कॅसेट आहे. मी सचिवांच्या परवानगीनं बघितली, कडेला बुरशी दिसायला लागली आहे. त्यात आज आपल्यात नसलेली किती माणसं असतील, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. व्हिडिओसाठी वेगळं यंत्र लागतं, ते मिळवायच्या मी मागे आहे. कुणाकडे चालू व्हीसीआर असेल तर कृपया कळवा. आणि घरच्या कॅसेट्ससाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी डेक आणि लॅपटॉप घेऊन ऑफिसात बसेन. पैसे नाहीत. अट एकच, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन या. फितीवर काय आहे ते मशीन सांगेल, पण ते कशासाठी होतं हे तेच सांगतील.

ज्यांना आईशी सवायकीत सामना खेळायचा असेल त्यांनीही त्याच वेळेत यावं. अजून तिला कुणी हरवलेलं नाही. मीसुद्धा. माझी आता एक्केचाळीसपर्यंत मजल गेली आहे.

विना सहकार नाही उद्धार, एवढं बोलून माझे चार शब्द संपवतो.